जाळीच्या नक्षीचं स्टेन्सिल: सुरुवात कुठून करायची आणि कडा फुटू नयेत म्हणून काय?

पिवळी_खिडकी:
पलंगामागची एकच भिंत स्टेन्सिलने रंगवायची आहे. नक्षी जाळीची, म्हणजे प्रत्येक आकाराची टोकं शेजारच्याला जाऊन मिळतात. भिंत ११ फूट ४ इंच रुंद, साडेनऊ फूट उंच. साचा प्लास्टिकचा, एक नक्षी १६ बाय १६ इंच. खाली राखाडी मॅट इमल्शन, त्याला दोन आठवडे होऊन गेले. वरून पांढरट रंग द्यायचा आहे.

पुठ्ठ्यावर करून पाहिलं तर रंग साच्याखाली शिरतो आणि कडा फुटतात. शिवाय डाव्या कोपऱ्यातून सुरू करायचं की छतापासून, यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही जोरात मांडली जातात. कोणी केलंय का?

पडद्यामागे:
नाटकांचे सेट रंगवण्यात माझी बरीच वर्षं गेली. सेटवरच्या दिवाणखान्यातला वॉलपेपर पुष्कळदा वॉलपेपर नसतोच, स्टेन्सिल असतं. फरक इतकाच, की तिथे बघणारा लांब अंधारात बसलेला असतो आणि तुमच्याकडे तो उशीवर डोकं ठेवून वीतभर अंतरावरून बघणार.

घरातली दोन्ही मतं बाजूला ठेवा. सुरुवात मधून करायची. हिशेब बघा: तुमची भिंत १३६ इंच. डाव्या कोपऱ्यातून निघालात तर आठ नक्ष्या पूर्ण बसतील आणि उजवीकडे अर्धी उरेल. पलंगावर मधोमध काहीच येणार नाही. भिंतीच्या मध्यावर दोन नक्ष्यांचा जोड ठेवलात तर दोन्ही टोकांना चार-चार इंचांची चिंधी उरते, ती फार वाईट दिसते. मध्यावर नक्षीचाच मध्य ठेवा. सात पूर्ण, आणि दोन्हीकडे १२-१२ इंच, म्हणजे पाऊण नक्षी. भिंत तोलून दिसेल.

आता खरा मुद्दा. साच्यावर शेजारची नक्षी जुळवायला खुणा असतात, आणि सगळे सांगतात की आधीच्या छापावर त्या खुणा बसवत पुढे जा. तसं जाऊ नका. पहिला छाप एका टोकाला फक्त दोन मिलिमीटर कलला, तर आठव्या छापापर्यंत ओळ दीड सेंटिमीटरहून जास्त खाली येते. प्रत्येक जोड जवळून बरोबर दिसतो आणि अख्खी भिंत वाकडी. सुटी पानंफुलं असतील तर डोळा माफ करतो. जाळी नाही करत.

म्हणून आधी भिंतीच्या मध्यावर ओळंबा सोडा. त्याला काटकोनात, लेव्हल लावून एक आडवी रेघ ठरवा, आणि तिथून दोन्ही दिशांना दर १६ इंचांवर खूण करा. मोजताना टेप दर वेळी मध्यापासूनच धरा. मागच्या खुणेपासून पुढची मोजली की चूक साठत जाते. खुणा भिंतीवर पेन्सिलने करू नका. मॅट रंगावर खोडरबर घासलं की तिथे चकाकी येते आणि ती जात नाही. मास्किंग टेपचे छोटे तुकडे लावून त्यांवर खुणा करा. साचा दर वेळी या खुणांवर बसवायचा. छापील खुणा फक्त पडताळायला.

छताबद्दल. छत सरळ आहे असं गृहीत धरू नका, एका टोकाला ते थोडंफार खाली असतंच. वरची ओळ पूर्ण नक्षीने सुरू केलीत तर तो तिरकेपणा सगळ्यांना दिसेल, कारण नक्षी आणि छत यांच्यामधली फट एकीकडे रुंद होत जाईल. छत नक्षीच्या पोटातून जाऊ द्या: वर आठ इंच, मग सहा पूर्ण ओळी, खाली दहा इंच. भरगच्च जागी कापलेली नक्षी अर्ध्या इंचाचा फरक गिळून टाकते.

कडा फुटण्याचं कारण एकच, रोलरवर रंग जास्त. चार इंची बारीक स्पंजचा रोलर घ्या, रंगात जेमतेम फिरवा आणि मग जुन्या कागदावर किंवा फडक्यावर लोळवत राहा, ‘आता यात काही उरलं नाही’ असं वाटेपर्यंत. साच्यावर फिरवताना चिकचिक आवाज आला तर थांबा, अजून ओला आहे. दाब अजिबात नको. दाबलं की स्पंजातला रंग पिळून कडेखाली जातो. पहिला हात फिकट येईल, येऊ द्या. साचा तसाच ठेवून मिनिटभराने दुसरा हात. आणि रंगात पाणी घालू नका. भिंतीला इमल्शन देताना घालतात, इथे नाही.

साचा मधेच उचलून डोकावण्याचा मोह आवरा. उचलताना टेप एका बाजूने सोडून बिजागरीसारखा उघडा, ओढू नका. दर तीन-चार छापांनी मागची बाजू पुसा. तिथे लागलेला एक ठिपका पुढच्या प्रत्येक नक्षीत हजेरी लावतो.

रंधा_आणि_करवत:
ओळंब्याऐवजी लेझर लेव्हल मिळाली तर बघा, उभी-आडवी रेघ एकदम पडते आणि हात मोकळे राहतात. बाकी वरच्या उत्तराशी सहमत. फक्त एक: चारी कडांना टेप लावूनही प्लास्टिक मधे फुगतं. पुन्हा उचलता येईल असा गोंदाचा स्प्रे मिळतो. मागच्या बाजूला हलका मारायचा, जरा चिकट होऊ द्यायचा, मग लावायचा. खिडक्या उघड्या ठेवून.

पडद्यामागे:
स्प्रे चालेल, पण हात आखडता ठेवा. जास्त झाला तर मॅट भिंतीवर चिकटा राहतो आणि त्यावर धूळ बसून काही महिन्यांनी नक्षीचं भूत दिसायला लागतं.

निळसर_राखाडी:
खालच्या राखाडी रंगाचा तोच डबा जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी बारीक ब्रशने फुटलेल्या कडा त्याच रंगाने आत ढकलता येतात. हे काम मला तर स्टेन्सिलपेक्षा जास्त आवडतं. आणि पांढरट रंग खरंच हवाय का? त्याच राखाडीत सॅटिन फिनिश घेऊन मॅटवर छापलं तर नक्षी उजेड तिरका पडला की उमटते, एरवी गप्प असते. बारीकसारीक चुकाही लपतात.

पिवळी_खिडकी:
कागदावर रोलर कोरडा करून परत पाहिलं, कडा स्वच्छ आल्या. आवाजाची खूण फारच कामाची आहे. सॅटिनचा विचार घरात मांडला, आता तीन मतं झाली. दोन शंका: कोपऱ्यातली पाऊण नक्षी कशी करायची? आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना स्विचबोर्ड आहेत.

पडद्यामागे:
कोपरे सगळ्यात शेवटी. आधी मधल्या सगळ्या पूर्ण नक्ष्या होऊ द्या, त्या सुकल्या की शेजारच्या भिंतीला टेप लावा आणि साचा कोपऱ्यात वाकवून दाबा. तिथे रोलर पोचत नाही, आखूड केसांच्या गोल ब्रशने टिपत जा. साचा कापायचाच असेल तर वरच्या-खालच्या ओळी, दुसरा कोपरा, सगळं झाल्यावर कापा. कापलेला साचा परत जोडला जात नाही.

स्विचबोर्डसाठी मेन स्विच बंद करून पट्टी काढा, आतल्या डब्यावर टेप मारा आणि भिंत सलग असल्यासारखी छापा. पट्टी परत बसवली की नक्षी तिच्यामागून गेल्यासारखी दिसते. पट्टी निघत नसेल तर तिच्याभोवती टेप लावा, आणि साचा तिथे उचलला जातो म्हणून त्या नक्षीपुरता रोलर सोडून ब्रश वापरा.