वाळवंटातील एक दिवस, कुटुंब आणि कॅमेरा : आपले अनुभव

वाळवंटातील मोठ्या सफरींविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण पहाटे निघायचे, अंधार पडण्याच्या आत परतायचे आणि घरातील लहानथोर सगळे बरोबर असायचे, अशा एका दिवसाच्या भटकंतीविषयी फारसे वाचायला मिळत नाही. ऊन, प्रकाश आणि माणसे यांचा मेळ आपण कसा घातला आणि पाहिलेल्यापैकी छायाचित्रात काय उतरले, हे कृपया लिहावे.

*

आम्ही सूर्योदयापूर्वीच टेकड्यांच्या पायथ्याशी पोहोचतो, कारण वाळूला आकार देतो तो तिरपा प्रकाशच. सूर्य क्षितिजाजवळ असताना वाऱ्याने वाळूवर उमटवलेल्या प्रत्येक ऊर्मिचिन्हाला, म्हणजे लाटेसारख्या वळीला, स्वतःची सावली असते. तोच उतार दोन-तीन तासांनी सपाट भासू लागतो. उजळ वाळूला मध्यम राखाडी समजून कॅमेरा चित्र काळवंडवतो, म्हणून मी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) सुमारे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवून ठेवतो. गुळगुळीत उतारावर ऑटोफोकस अडखळतो, तेव्हा जिथे ऊन आणि सावली भेटतात त्या टेकडीच्या धारेवर तो धरावा. धारेवरून चालणारी एक लहानशी व्यक्ती चौकटीत असली की टेकडीची उंची कळते, आणि हे काम आमची मुलगी फार आनंदाने करते. पावलांचे ठसे मात्र पुसता येत नाहीत. चित्रे होईपर्यंत सर्वांनी कॅमेऱ्याच्या मागे थांबावे, एवढा नियम आम्ही पाळतो.

*

माझ्या मुलांना टेकड्यांपेक्षा माग अधिक आवडले. रात्री फिरलेल्या भुंग्यांची नक्षी, पालीच्या शेपटीची रेघ, कोल्ह्याची पावले हे सारे सकाळचा वारा सुटेपर्यंतच स्पष्ट राहते. प्रत्येक मागाशेजारी पेन्सिल ठेवून मुलांनी फोनवर छायाचित्रे घेतली, त्यामुळे नंतर आकारांची तुलना करता आली. शाळेत शिकलेली बारखाण, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची वाळूची टेकडीही त्यांनी ओळखली: वाऱ्याकडचा उतार मंद, आडोशाचा तीव्र आणि दोन्ही शिंगे वारा जातो त्या दिशेला. मुलांना आधी वाऱ्याची दिशा ओळखायला सांगून मग टेकडी दाखवावी, असे मी आवर्जून सुचवेन. आडोशाच्या उताराचा कोन सुमारे ३४ अंशांपर्यंतच वाढतो. त्यापुढे वाळू आपोआप घसरते, हे त्यांना घसरतानाच समजले.

*

वृद्ध वडील बरोबर असल्याने आम्ही उंच टेकड्या टाळून खडकाळ पठार निवडले. वाळवंट म्हणजे केवळ वाळू नव्हे. सहारातही वाळूने व्यापलेला भाग साधारण चौथा हिस्साच आहे. वाऱ्याने तळाशी झिजवलेल्या भूछत्र खडकाच्या सावलीत बसून वडिलांनी काढलेली खडकांच्या पोतांची चित्रे त्या दिवसातील सर्वोत्तम ठरली. दुपार आम्ही सावलीतच काढली. तहान लागण्याची वाट न पाहता सर्वांनी थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे, हे ज्येष्ठांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे.

*

दुपार छायाचित्रणासाठी वाया जाते, हे मला पटत नाही. मृगजळ हा मनाचा भ्रम नाही. जमिनीलगतच्या तापलेल्या हवेत प्रकाशकिरण वाकतात आणि आकाशाचेच प्रतिबिंब खाली दिसते, म्हणून ते कॅमेऱ्यातही उतरते. लांब पल्ल्याची लेन्स लावून, जमिनीलगत बसून दूरच्या सपाटीवर नेम धरावा.

*

एक छोटी भर. वाऱ्यात लेन्स बदलणे टाळावे आणि काचेवर बसलेली वाळू कापडाने पुसू नये. ती आधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) उडवावी, कारण वाळूचे कण घासले गेले तर काचेवर कायमचे ओरखडे पडतात.