गावरान कोंबडीचा पास्ता

ताई, खेड्यावर ऑलिव्ह तेल मिळत नाही, क्रीम मिळत नाही, मग पौष्टिक चिकन पास्ता कसा करायचा, असं तुम्ही विचारलंय. आम्ही यवतमाळकडच्या गावात राहतो, दोन्हीवाचून करतो.

आधी पाकीट वाचा. मैद्याचा नको, ड्युरम गव्हाच्या रव्याचा घ्या. आपला बन्सी गहू त्याच जातीचा, कडक. म्हणून शिजल्यावर त्याचा गाळ होत नाही.

तुमच्या प्रश्नावर एकांनी कोंबडी दहा मिनिटं परतायला सांगितलीय. ब्रॉयलरच्या बारीक तुकड्यांना ते ठीक, पण गावरान कोंबडी तेवढ्यात चिवटच राहते. ती आलं-लसूण, हळद, मीठ लावून कुकरात मऊ करा, मांस हाडावरून सोडवा. आणि खालचं पाणी कृपा करून फेकू नका! सगळी चव त्यातच उतरलेली असते. वर आलेली चरबी चमच्यानं काढा, चार-पाच पिकले टमाटे घालून आटवा. क्रीमची आठवणही येणार नाही.

चौघांना २५० ग्रॅम पास्ता पुरतो, भाज्या त्याच्या दुप्पट: गाजर, वालाच्या शेंगा, सिमला मिरची, पालक अगदी शेवटी. पास्ता मोठ्या गंजात (पातेल्यात), मिठाच्या उकळत्या पाण्यात टाका, पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढा. बाकीचा तो रश्श्यात शिजतो. थंड पाण्यानं धुऊ नका, रस्सा धरत नाही.

वरून भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर. माझ्या सासूबाई जवसाची चटणीही भुरभुरतात, नक्की करून पाहा.