अहिराणी गाण्यांचे अल्बम निघावेत की सुटी गाणीच बरी?

पांझराकाठ: लग्नसराई जवळ आली की यूट्यूबवर नवी अहिराणी गाणी येऊ लागतात. पोरं मेहनती आहेत, त्यांचा अभिमानच आहे. पण बहुतेक गाणी वरातीत नाचायची. कॅसेटच्या काळात गायकाला दोन्ही बाजू मिळून आठ-दहा गाणी भरावी लागत. मग नाचाच्या गाण्यांबरोबर एखादं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याचं, एखादं आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचंही यायचं. एरवी कोणी विकत घेतलं नसतं, असं गाणंही त्यामुळे घरोघर पोचायचं. माझं स्पष्ट मत आहे, आपल्या गायकांनी वर्षाला एक अल्बम काढावा, आणि तो आखाजीला काढावा.

सातपुडा_पायथा: दादा, मी रेकॉर्डिंग करतो. एका गाण्याला वादक, मिक्सिंग, वर व्हिडिओ, नाचणाऱ्यांचं जेवणखाण, ड्रोनचं भाडं. आठ गाण्यांचा खर्च एकदम करायचा आणि लोक ऐकणार पहिलंच. सुटं गाणं चाललं तर त्याच पैशात दुसरं उभं राहतं. आणि सुट्या गाण्यात कमीपणा कसला? मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. जास्त गाणी मावणारी लाँगप्ले तबकडी आली 1948 मध्ये. त्याआधीचे गायक काय लहान होते?

पांझराकाठ: प्रत्येक गाण्याला व्हिडिओ हवाच कशाला? कानबाईची गाणी बायका रोटांचं दळण दळताना, रात्री जागरणाला म्हणतात. ती ऐकायची असतात. एकाचा व्हिडिओ करा, बाकीची नुसत्या आवाजावर सोडा.

तापीकाठ: स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षात 1000 वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला पैसाच मिळत नाही. अल्बममधल्या सातव्या गाण्याचं काय होणार ते बघा.

गिरणाथडी: तुम्ही सगळे खर्चाचंच बोलताय. गाणी कोणाची, हे कोणी विचारत नाही. श्रावणात कानबाई बसली की आमच्या आजेसासूबाई जे गाणं म्हणतात, तेच एका चॅनलवर भलत्याच गीतकाराच्या नावाने आहे. भाचीने आजींचा व्हिडिओ टाकला, तर उलट तिच्यावरच कॉपीराइटचा दावा आला! बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी जपल्या म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघालं. नाहीतर त्याही अशाच कोणाच्या तरी नावावर गेल्या असत्या. अल्बम जरूर काढा, पण गाणं पारंपरिक आहे, कोणत्या गावात कोणाकडून घेतलं, हे त्यावर लिहा.

सातपुडा_पायथा: ताई, हे शंभर टक्के पटलं. दाव्यावर हरकत नोंदवता येते, भाचीला नोंदवायला सांगा. पण म्हणूनच मला अल्बमची भीती वाटते. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून घेता येत नाही. आपल्या पोरांना हे ठाऊक नसतं, एकरकमी पैसे घेऊन सही करतात. सुट्या गाण्यात एक गाणं जातं, अल्बममध्ये आठ जातील.

पांझराकाठ: मग करार वाचून सही करायला शिकवू. त्यासाठी अल्बमच नको म्हणणं मला मान्य नाही. तापीकाठभाऊ, सातव्या गाण्याला पैसा नाही मिळाला तरी ते निघायला हवं. आजी आहेत तोवरच ते मिळणार आहे.

गिरणाथडी: सातपुडाभाऊ, वर्गणी आम्ही काढू. व्हिडिओ नको, फक्त चांगला माईक आणा. कव्हय येतस, सांगा.