मदत हवी आहे: लग्न न करता झालेलं मूल, जर्मनीतला ताबा आणि भारतवारी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

मी मूळची साताऱ्याची, सात वर्षं श्टुटगार्टला. मुलगा अडीच वर्षांचा, जर्मन पासपोर्टवाला. त्याचे वडील जर्मन, आमचं लग्न झालेलं नाही. (घरी 'रजिस्टर केलंय' असं सांगितलंय. ओळख पटली तर कृपया काकूला फोन करू नका!) जन्माआधी युगेंडआम्टमध्ये (इथलं बालकल्याण कार्यालय) जाऊन पितृत्वाची नोंद केली, जन्मदाखल्यावर त्याचं नाव आहे. जॉइंट कस्टडीची सही तेवढी राहून गेली. भांडण वगैरे काही नव्हतं तेव्हा.

मार्चपासून वेगळे राहतोय. दर शनिवारी मुलाला नेतो, सहाच्या ठोक्याला आणून सोडतो. माणूस वाईट नाही. पण बाबांची बायपास ठरली आणि मी म्हटलं, मुलाला घेऊन तीन महिने जाऊन येते. त्या शनिवारी मुलाच्या डब्याच्या पिशवीत, अर्धवट खाल्लेल्या केळ्याखाली पाकीट. आत युगेंडआम्टची पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट आणि चिठ्ठी: सही कर आणि खुशाल जा, नाहीतर मी कोर्टात जातो.

सही केली नाही तर तो मला अडवू शकतो का? माझी नोकरी गेल्या वर्षी गेली, आता व्हिसा 'जर्मन मुलाची आई' म्हणून आहे. सही केली तर त्याला धक्का लागेल का?

प्रतिसाद १

ताई, मी वकील नाही, पण म्युनिकला याच फेऱ्यातून गेलेय. दाखल्यावर नाव म्हणजे ताबा नव्हे. लग्न नसेल तर इथे ताबा आपोआप एकट्या आईकडे असतो. युगेंडआम्टकडून 'संयुक्त ताब्याची नोंद नाही' असा दाखला मिळतो, तो आधी काढा. पासपोर्टच्या कामातही लागतो.

सही तिथे अधिकाऱ्यासमोरच होते, आणि एकदा केली की आपल्या मर्जीनं मागे घेता येत नाही, बदल फक्त कोर्ट करतं. त्यामुळे गुरुवारच्या घाईत नको. पण 'मी सही करत नाही, विषय संपला' असंही नाही. २०१३ पासून बाप स्वतः कोर्टात अर्ज करू शकतो, आणि मुलाच्या हिताविरुद्ध काही दिसलं नाही तर कोर्ट संयुक्त ताबा देतं. कोर्टाचं पत्र आलं तर गप्प बसू नका. मुदतीत कारणं दिली नाहीत तर सुनावणीशिवायही निकाल लागू शकतो.

व्हिसाची काळजी सोडा, संयुक्त ताबा असला तरी तो राहतो. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर मात्र जातो.

प्रतिसाद २

मी पुण्यात फॅमिली कोर्टात काम करतो. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू कायद्यात विवाहबाह्य मुलाची पहिली पालक आईच. २०१५ साली सुप्रीम कोर्टानं तर पालकत्वाच्या अर्जात बापाचं नाव सांगायची सक्तीही काढून टाकली. पण या भरवशावर विमानात बसू नका. एका पालकानं परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, हे तिकडच्या न्यायाधीशाला ठाऊक असतं. 'ही परत येणार नाही' असं बापानं म्हटलं तर प्रवासच थांबवायचा तातडीचा आदेश निघू शकतो. परतीचं तिकीट, बाबांचे हॉस्पिटलचे कागद आणि त्याची लेखी संमती, ही तिन्ही हातात घेऊनच निघा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गुरुवारची वेळ पुढे ढकलली. त्याला म्हटलं, आधी प्रवासाचं लेखी करू, ताब्याचं आल्यावर बोलू. 'विचार करतो' म्हणालाय. स्थानिक कोर्टातून सल्ल्याची चिठ्ठी मिळाली तर वकिलाला १५ युरोच द्यावे लागतात, हे आजच कळलं. श्टुटगार्टच्या आसपास हिंदी किंवा इंग्रजीत नीट समजावणारी फॅमिली वकील कुणाला माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.