पिकअपचं मागचं डिफरेन्शियल ऑइल: वेळच्या वेळी बदलायचं, की गळत नसेल तर हातच लावायचा नाही?

पाना_सतरा

काल माझ्या पिकअपच्या मागच्या डिफरेन्शियलचं, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या दातचक्रांच्या डब्याचं, ऑइल काढलं. गाडी ९० हजार किलोमीटर चाललेली, मी तिचा तिसरा मालक. आधीच्या दोघांनी हे ऑइल कधी बदललं, बदललं तरी का, याची कुठेच नोंद नाही. ड्रेन प्लग सुटला आणि काळंकुट्ट ऑइल खाली आलं. गंधकाचा वास एवढा उग्र की दोनदा साबण लावूनही रात्रीपर्यंत हाताला येत होता. प्लगच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर करड्या लगद्याची टोपीच बसली होती. ती बोटांत चोळून बघितली. मऊ होती, शाईसारखी पसरली, एकही कण टोचला नाही. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

शेजारच्या काकांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या आहेत. ते म्हणाले, "गळत नव्हतं ना? मग उघडलंस कशाला?" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आज लिहायलाच बसलो.

माझं म्हणणं असं. इंजिनाला ऑइल फिल्टर आहे, डिफरेन्शियलला नाही. आत जे झिजतं त्यातलं थोडंफार चुंबक धरून ठेवतं, बाकी सगळं त्याच दोन-तीन लिटरमध्ये फिरत राहतं आणि बेअरिंगमधून जातं. शिवाय क्राऊन-पिनियन (आतलं मोठं आणि लहान दातचक्र) हायपॉइड पद्धतीचे असतात, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यावर नसतो, त्याच्या खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. त्यासाठीच जीएल-५ (जास्त दाबासाठीचा दर्जा) ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घातलेली असतात, आणि ती काम करता करता संपत जातात. बाहेर थेंबही गळत नसला तरी आतलं ऑइल जुनं होतंच. ते वेळेवर बदलायलाच हवं.

मालवाहू

पूर्ण असहमत. माझ्याकडे चार पिकअप आहेत, रोज लोड घेऊन पळतात. आजवर माझं डिफरेन्शियलचं जे काही नुकसान झालं, ते जुन्या ऑइलने झालेलं नाही, बदलायला गेलेल्या हातांनी झालंय.

एका गॅरेजमध्ये पोराने आधी ड्रेन प्लग खोलला, सगळं ऑइल ट्रेमध्ये घेतलं आणि मग फिलर प्लगकडे, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाच्या बुचाकडे, वळला. तो गंजून बसलेला. पाना घसरत घसरत प्लगचा चौकोन पार गोल झाला. ऑइल बाहेर, भरायला वाट नाही, गाडी दोन दिवस जागेवर उभी. दुसऱ्या ठिकाणी गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ (कमी दाबासाठीचं ऑइल) मागे ओतलं. ते मला कळलं म्हणून ठीक, नाहीतर तसाच लोड घेऊन निघालो असतो. तिसऱ्या वेळी ड्रेन प्लग असा आवळला की आटेच गेले.

चांगलं चाललेलं हाऊसिंग (डिफरेन्शियलचं कवच) निव्वळ किलोमीटर भरले म्हणून उघडायचं, हे मला पटत नाही. काही कंपन्या तर साध्या वापरात हे ऑइल बदलायची गरज नाही असं मॅन्युअलमध्येच लिहितात. ते इंजिनिअर काय अडाणी आहेत? खाली ओल दिसते का बघा, आवाज ऐका. माझ्या मते तेवढं पुरे.

पाना_सतरा

मालवाहू दादा, तुम्ही सांगितलेले तिन्ही प्रकार खरे आहेत, होतात. पण त्यातून काम नीट करावं एवढंच निघतं, करूच नये असं नाही निघत. फिलर प्लग आधी सोडवायचा, तो सुटल्याशिवाय ड्रेनला पाना लावायचा नाही. मी आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता आणि मुद्दाम चांगला पाना घेतला. तरी सुटताना असा कडाका झाला की प्लग तुटलाच असं वाटलं.

आणि त्या मॅन्युअलमधलं "साध्या वापरात" हे परत वाचा. रोज लोड घेऊन पळणाऱ्या चार गाड्या साध्या वापरात बसतात का? अवजड कामासाठी वेगळा तक्ता बहुतेक मॅन्युअलमध्ये असतो, आणि त्यात अंतर बरंच कमी दिलेलं असतं.

खडीवाट

तुम्ही दोघं किलोमीटरवर भांडताय. माझ्या मते किलोमीटर हा प्रश्नच दुय्यम आहे, खरा प्रश्न पाण्याचा आहे.

माझी गाडी ओढ्यातून जाते. चालून चालून ॲक्सल तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते. तसंच ते गार पाण्यात उतरलं की हवा एकदम आकसते आणि मिळेल तिथून आत ओढ घेते. ब्रीदर (हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड) मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा येते. तो चिखलाने बुजला असेल तर सीलच्या ओठातून पाणी येतं. माझ्या गाडीचा ब्रीदर म्हणजे ॲक्सलवरची अंगठ्याएवढी टोपी, ती इकडेतिकडे फिरायला हवी. माझी मातीने थिजून गेली होती. ऑइल काढलं तर राखाडी-दुधाळ, फेसाळ, आणि ते भरून जेमतेम ६ हजार किलोमीटर झाले होते! तारखेवर विसंबलो असतो तर त्या दुधाळ पाण्यावर अजून कितीतरी महिने गाडी चालवली असती, आणि बेअरिंगला गंज धरला असता.

तेव्हा पाण्यात चाकाचा मध्य बुडाला की ऑइल बघायचंच, आणि रंग बदललेला दिसला तर त्याच दिवशी बदलायचं. कोरड्या रस्त्यावर रिकामी फिरणाऱ्या गाडीला माझ्याइतक्या वेळा बदलायची काहीच गरज नाही.

ग्रीसहात

मी वर्कशॉपमध्ये काम करतो, डिफरेन्शियल खोलतो आणि बसवतो. पाना_सतरा यांच्या बाजूने आहे, पण एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. सगळ्यात महत्त्वाचा ऑइल बदल पहिला असतो. नवे दात एकमेकांत बसताना सगळ्यात जास्त कीस पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच सोडतात. क्राऊन-पिनियनचा नवा जोड बसवला तर मी ८०० ते १००० किलोमीटरला गाडी परत बोलावतो आणि ऑइल काढतो. त्या ऑइलमध्ये उन्हात चमचम दिसते. ती एकदा बाहेर गेली की पुढे बराच काळ चिंता नाही.

दुसरं, आवाजाबद्दल. मालवाहू, "आवाज ऐका" हे मला अजिबात मान्य नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर जी हूंऽऽ अशी रड ऐकू येते ती दातांची, आणि ती ऐकू आली तेव्हा दातांवरचा पृष्ठभाग गेलेला असतो. सतत घरघर येत असेल तर बेअरिंग गेलेलं असतं. त्यानंतर कितीही उत्तम ऑइल घाला, गेलेलं धातू परत येत नाही. मग लोक ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० (हे ऑइलच्या जाडीचे ग्रेड) च्या जागी जाड ८५डब्ल्यू-१४० ओततात, आवाज दबतो आणि गाडी विकून टाकतात. हे बघून मला खरंच राग येतो. मॅन्युअलमध्येच जाड ग्रेड सांगितला असेल तर प्रश्नच नाही, पण आवाज लपवायला तो घालू नका. पिनियनच्या बेअरिंगला ऑइल क्राऊनने वर उडवलेल्यातूनच मिळतं, आणि थंड सकाळी जाड ऑइल तिथे पोचायला वेळ लागतो.

लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं गरगर फिरू न देणारं) डिफरेन्शियल असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण सांभाळणारं द्रव्य) लागतो का ते बाटलीवर आणि मॅन्युअलमध्ये दोन्हीकडे बघा. तो राहिला तर वळणावर मागून अडकत, थरथरत चालल्यासारखी गाडी वाटते.

नवखा_चालक

माझ्या गाडीला ड्रेन प्लगच नाही, मागे नुसतं झाकण आहे. फिलरमधून नळी घालून पंपाने ओढून घेतलं तर चालेल का?

ग्रीसहात

चालतं, पण तळाचा गाळ तिथेच राहतो, आणि काढायचा तर तोच असतो. झाकण खोला. खालचे बोल्ट काढा, वरचे दोन अर्धवट ढिले ठेवा, मग झाकण हळूच उचकटा, म्हणजे ऑइल अंगावर न येता खाली ओघळेल. दात हाताने फिरवून बघा, अशी संधी वारंवार मिळत नाही. जुनं सीलंट खरवडून दोन्ही कडा कोरड्या पुसा. नवं सीलंट बारीक धारेने लावा आणि बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने फिरवा. बोल्ट समोरासमोरचे आवळत जा. सीलंटच्या नळीवर लिहिलेला वेळ जाऊ दिल्याशिवाय ऑइल भरू नका.

भरताना गाडी सपाट हवी. मागूनच जॅकवर उचलली असेल तर लेव्हल चुकीची दिसते. फिलरच्या भोकाच्या खालच्या काठाशी ऑइल टेकलं की थांबायचं. "थोडं जास्त असू दे" म्हणून कोंबू नका, फेस होतो आणि सीलवर दाब येतो.

मालवाहू

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी स्वतः बघायचं ठरवलं होतं. सगळ्यात जुन्या गाडीचा फिलर उघडून करंगळी आत वाकवली. ऑइल लागलंच नाही. अख्खी करंगळी आत गेली तेव्हा टोकाला लागलं. जमिनीवर डाग नाही, हाऊसिंगवर ओल नाही. मग डाव्या बाजूचा ब्रेकचा ड्रम काढला. आत सगळं चिकट, लायनर भिजलेले. ॲक्सलच्या सीलमधून ऑइल ड्रममध्ये जात होतं आणि धुळीत मुरत होतं. खाली ठिबकायला काही उरतच नव्हतं. ब्रेक एका बाजूला ओढतो अशी ड्रायव्हरची तक्रार दोन महिने येत होती, मी ॲडजस्टमेंट करून घेत होतो.

ब्रीदरही बुजलेला निघाला, खडीवाट म्हणाले तसाच. सील आणि लायनर बदलले, ऑइल नवं भरलं. चुंबकावर लगद्यात दोन बारीक चकत्या सापडल्या, नखाने उचलता येतील एवढ्या. ग्रीसहात, त्या कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. त्यावरून दात गेले की बेअरिंग, हे सांगता येईल का? किलोमीटर भरले म्हणून बदलायचं हे मला आजही पटत नाही, पण लेव्हल आणि ब्रीदर आता प्रत्येक सर्व्हिसला मी स्वतः बघणार आहे. उरलेल्या तीन गाड्या या रविवारी उघडतो.

ग्रीसहात

फोटो टाका, दोन्ही बाजूंचे. एक बाजू गुळगुळीत, चकचकीत आणि दुसरी खरबरीत असेल तर वरचा थर सोलून निघालाय, मग तो दाताचा असो की बेअरिंगचा. तोवर त्या गाडीवर पूर्ण लोड घालू नका.