टक्सन की टूसॉन?

पाठवणार: पेटीवाली ताई (सध्या मुक्काम मुंबई)
प्रति: फीनिक्सच्या (ॲरिझोना, अमेरिका) मंडळाची ईमेल यादी
विषय: गाडीच्या नावावरून

सप्रेम नमस्कार मंडळी,

एरवी मी यादीवर आरत्यांच्या सरावाचं आणि वर्गणीचं लिहिते. आज मात्र घरातली एक गोष्ट विचारायची आहे. इथे सकाळचे साडेआठ वाजलेत, म्हणजे फीनिक्सला तुमची रात्रीची जेवणं चालली असतील. सवडीने उत्तर द्या, पण द्या.

माझे बाबा काळाचौकीचे. १९७८ ते २००५ अशी सत्तावीस वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्सी चालवली. आता मुलुंडला भावाकडे असतात. भावाने गेल्या आठवड्यात सेकंडहँड ह्युंदाई टूसॉन घेतली. बाबांनी स्वतः बोनेटवर स्वस्तिक काढलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. सोसायटीतली आठ-दहा माणसं पेढे खायला खाली जमली होती. कुणीतरी विचारलं, "काका, कुठली हो ही?" बाबा म्हणाले, "टक्सन. डिझेल आहे. गिअर आपोआप पडतात."

माझा मुलगा शेजारीच होता. साडेनऊ वर्षांचा आहे. तो मोठ्याने म्हणाला, "आजोबा, टक्सन नाही, टूसॉन! क म्हणायचाच नसतो!"

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचं मला आता फार वाईट वाटतंय.

त्या दिवसापासून बाबा त्या गाडीचं नाव घेत नाहीत. "ती गाडी" म्हणतात, "त्याची गाडी" म्हणतात. परवा वॉचमन रजिस्टर घेऊन आला. पार्किंगच्या नोंदीसाठी त्याला मॉडेल लिहून हवं होतं. "काका, कौनसी गाडी है?" बाबा म्हणाले, "सफेदवाली." मी जिन्यातून ऐकत होते. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून गाडी ओळखता येते, त्याने "सफेदवाली" म्हणावं?

मुलाला रागावू कशी? तो चुकीचं काही बोलला नाही. शाळेच्या सहलीला आपल्याकडच्या टूसॉन शहरात जाऊन आलाय, हायवेवरची पाटी त्याने शंभर वेळा वाचलीय. त्याला काय सांगू आणि बाबांना काय सांगू, ते सुचवा.

तुमची,
पेटीवाली ताई


पाठवणार: मेसावाले काका
विषय: उत्तर: गाडीच्या नावावरून

ताई, नमस्कार.

मुलाला मोठ्यांशी बोलण्याची रीत जरूर शिकवा. ते चारचौघांत बोलायला नको होतं. पण त्याचा उच्चार बरोबर आहे, आणि त्याबद्दल त्याला गप्प करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचं नाव, त्याचा उच्चार. गाडीला शहराचं नाव दिलंय, शहरातले लोक टूसॉन म्हणतात, मग टूसॉनच.

कल्याणच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात पूजो ३०९ तयार होत असे. तेव्हा मी डोंबिवलीला राहत होतो. लोक तिला प्यूजिऑट म्हणायचे, पेजॉट म्हणायचे. मी प्रत्येकाला सांगायचो, पूजो म्हणा. पुढे रेनो आली तेव्हा पुन्हा तेच, रेनॉल्ट. श्कोडातल्या एसवर खूण असते, ती श सांगते. कुणी बघत नाही. पोर्शमध्ये शेवटी हलकासा अ आहे, कारण ते फर्डिनांड पोर्श यांचं आडनाव आहे, आणि माणसाचं आडनाव अर्धं खाऊ नये.

आपण स्वतः काय करतो? कुणी परळला परेल म्हटलं, ठाण्याला थाना म्हटलं की लगेच सुधारतो. वांद्र्याचं बांद्रा केलेलं मला आजही खपत नाही. आपल्या गावांच्या नावांसाठी जो आग्रह धरतो, तोच दुसऱ्याच्या गावासाठी धरायला हवा. बाबांनाही शांतपणे सांगा. ते समजून घेतील.

काका


पाठवणार: टूसॉनची वहिनी
विषय: उत्तर: गाडीच्या नावावरून

ताई, काका,

मी चौदा वर्षं टूसॉनमध्येच राहते, म्हणून बोलायला हवं.

काका, "ज्याचं नाव, त्याचा उच्चार" हे मला मनापासून पटतं. पण मग मूळ नाव कुणाचं, ते आधी बघू. इंग्रजी बोलणारे इथे शेवटी आले. त्यांच्या आधी स्पॅनिश होते, त्यांनी १७७५ मध्ये इथे लष्करी ठाणं वसवलं. ते तुकसोन म्हणत, आणि आजही स्पॅनिशमध्ये क ऐकू येतो. त्यांच्याही कितीतरी आधीपासून ओओधाम लोक इथे राहतात. त्यांच्या भाषेत हे नाव दोन शब्दांचं आहे: चुक षोन. चुक म्हणजे काळा. षोन म्हणजे पायथा, बुंधा. काळ्या डोंगराच्या पायथ्याचं गाव. तो डोंगर माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतो. विद्यापीठातल्या मुलांनी शंभरेक वर्षांपूर्वी त्याच्या उतारावर दगडांचा मोठा 'ए' रचलाय. दगड ज्वालामुखीचा आहे, काळा, आपल्या सह्याद्रीसारखाच.

आणि तो दुसऱ्या शब्दातला ष मी मुद्दाम ष लिहिलाय. जीभ मागे वळवून म्हणायचा असतो. रोमन लिपीत तो दाखवायला एसखाली टिंब द्यावं लागतं. आपल्याकडे त्याला स्वतंत्र अक्षर आहे.

म्हणजे ताई, तुमच्या बाबांनी जो क उच्चारला, तो मुळातला आहे. तो इंग्रजीत गळून पडला. त्यांनी अजाणता का होईना, जुनं नाव जास्त सांभाळलं.

आता कंपनीचं म्हणाल तर तिच्या स्वतःच्या नावाचंच बघा. कोरियन भाषेत तो शब्द साधारण ह्यॉन्दे असा आहे, अर्थ आधुनिक. भारतात आपण ह्युंदाई म्हणतो. अमेरिकेत सनडेच्या चालीवर हनडे चालतं. ब्रिटनमध्ये लोक हायुंडाय म्हणायचे, तर २०२३ मध्ये कंपनीने तिथे खास जाहिरात करून उच्चार सुधारून घेतला. मग टूसॉनवाल्यांचं ऐकायचं, कंपनीचं ऐकायचं की ओओधाम लोकांचं?

मुलाला रागावू नका. त्याला डोंगराची गोष्ट सांगा.

वहिनी


पाठवणार: टेम्पीहून
विषय: उत्तर: गाडीच्या नावावरून

वहिनींचं वाचून माझ्या गाडीची आठवण झाली. मी माझ्दा चालवतो. लहानपणी दादरला पारशी कॉलनीच्या शेजारी राहायचो. तिथल्या माझ्या मित्राच्या घरात अहुर मझ्द हे पारशांच्या देवाचं नाव प्रार्थनेत यायचं. इथे गाडी घेतल्यावर कळलं की जपानी लोक तिला मात्सुदाच म्हणतात, ते संस्थापकाचं आडनाव, आणि रोमन अक्षरांत लिहिताना अहुर मझ्दशी नातं जोडलं. एकाच गाडीची दोन्ही नावं खरी आहेत.

आणि एक. मुंबईत ॲपवर टॅक्सी बोलावली की बऱ्याचदा डिझायर येते. तिच्या नावात सुरुवातीला डी आणि झेड जोडून लिहिलेत. ती दोन अक्षरं एका दमात म्हटली की येतो आपल्या जहाजातला, जाळ्यातला ज. दिल्लीच्या माणसाला तो वेगळा शिकावा लागेल, आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालाय. हे मला कुणीतरी लहानपणी सांगायला हवं होतं.


पाठवणार: पेटीवाली ताई (सध्या मुक्काम मुंबई)
विषय: उत्तर: उत्तर: गाडीच्या नावावरून

मंडळी,

सगळ्यांची पत्रं मी बाबांना वाचून दाखवली. काका, तुमचंही दाखवलं. बाबा म्हणाले, "माणूस सरळ आहे. परळचं बोलला ते खरं आहे."

मी काकांशी निम्मी सहमत आहे. दुसऱ्याच्या गावाचं नाव नीट शिकावं, यात शंका नाही. पण मराठी बोलताना नाव मराठी तोंडात बसतं, तेही त्याचा मान ठेवूनच. पोर्तुगीजांचा पाओ आपल्याकडे पाव झाला आणि हॉस्पिटलचं इस्पितळ झालं. त्यात कुणाचा अपमान झाला नाही.

आणि बाबांच्या टॅक्सीचंच घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यात ती गाडी आधी फियाटच्या नावाने निघायची. १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून नाव ठेवलं पद्मिनी. आरसी बुकात पद्मिनी, पासिंगला पद्मिनी. पण स्टँडवर कुणी तिला पद्मिनी म्हणत नसे. "फियाट लावलीय", "फियाट गॅरेजला टाकलीय". बाबा आजही फियाटच म्हणतात. ताडदेवच्या आरटीओत काळ्या-पिवळ्या टॅक्सीत शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी बाबांनी मला फोन केला होता. म्हणाले, "गो, फियाट संपली." त्यांना पद्मिनी म्हणायला सांगायची माझी हिंमत झाली नसती, आणि सांगावं असं वाटलंही नसतं.

आता मुलाचं सांगते. त्याला मी वहिनींची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग उठून बाबांच्या खोलीत गेला. मी मागून गेले, पण दारातच थांबले.

तो म्हणाला, "आजोबा, तुमचा क बरोबर होता. त्याचा मीनिंग आहे काल्या डोंगराच्या पायथ्याशी."

बाबा म्हणाले, "कसल्या डोंगराच्या?"

"काल्या."

"काळ्या."

"काल्या."

मग बाबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, त्याला समोर बसवलं आणि स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. "जीभ मागे वळव. अजून. टाळूला लाव. आता पुढे सोड, पण हळू सोडू नको, झटका दे." पोराने वीसेक वेळा केलं. कधी ड यायचा, कधी र यायचा. बाबा हसले नाहीत. एकदाही नाही. ते फक्त म्हणत होते, "परत." मला तेव्हा कळलं की त्या दिवशी पेढे खाताना आम्ही काय केलं होतं.

काल रविवारी पाऊस जरा उघडला, म्हणून बाबा त्याला काळाचौकी दाखवायला घेऊन गेले. गाडी भाऊ चालवत होता, बाबा पुढे, आम्ही मागे. लालबागला गणपतीच्या कारखान्यांवर ताडपत्र्या लागल्यात, आत मूर्तींचे सांगाडे उभे आहेत. भारतमाताच्या सिग्नलला अर्धा तास अडकलो. तेवढ्या वेळात पोरगा दुकानांच्या पाट्यांवर ळ शोधत होता. सापडला की मोठ्याने वाचायचा. परळ. काळाचौकी. टाळ. नारळ. चौथ्या-पाचव्या पाटीला आवाज नेमका आला. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही, पण आरशात मला त्यांचा चेहरा दिसला.

बाबांनी त्याला सांगून टाकलंय, "तू तिथला, तू टूसॉन म्हण. माझ्या तोंडात टक्सन बसलंय, ते असू दे." पोराने मान डोलावली.

संध्याकाळी परत आलो तेव्हा गेटपाशी दुसऱ्या विंगमधली गाडी आडवी लावलेली. बाबा खाली उतरले, वॉचमनला म्हणाले, "वो हटाव जरा. हमारी टक्सन अंदर लेनी है."

वहिनी, एक काम आहे. ओओधाम माणसाच्या तोंडून ते नाव कसं येतं, ते तुमच्याकडे कुणाला विचारता येईल का? त्यांची परवानगी असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. बाबांना ऐकायचंय. पोराने त्यांना म्हटलंय की पुढच्या हिवाळ्यात तुम्ही या, डोंगर दाखवतो. व्हिसाचं बघतेय.

आरतीचा सराव मी आल्यावर पहिल्या शनिवारी. पेटी माझ्या गॅरेजमध्ये आहे, कुणाला आधी हवी असेल तर ह्यांना फोन करा.

तुमची,
पेटीवाली ताई