स्टंट शिकायचाय म्हणून पहिलीच गाडी ड्यूक? माझा विरोध आहे

विन्या_सातारा
मामेभाऊ १९ वर्षांचा, कराडला इंजिनिअरिंगला आहे. लायसन नुकतंच आलंय, आजवर घरची ॲक्टिव्हा सोडून काही चालवलं नाही आणि आता साहेबांना स्टंट रायडर व्हायचंय. मामाने लाखभर रुपये मंजूर केलेत (मामाला वाटतंय गाडी कॉलेजला जायला, तशी ती हवीच आहे म्हणा) आणि हा केटीएमच्या सेकंडहॅण्ड ड्यूक २०० बाईकवर अडून बसलाय, का तर रील्समध्ये सगळे तिचंच पुढचं चाक उचलतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ड्यूक २०० म्हणजे २५ पीएस, वजनाला हलकी, पहिल्या गिअरला क्लच जरा झटक्यात सुटला की पुढचं चाक हवेत, आणि ज्याला हाफ क्लच म्हणजे काय हेच अजून माहीत नाही त्याने ती घ्यायची म्हणजे शिकायच्या आधीच दात पडायचे. त्यापेक्षा टीव्हीएसची जुनी ॲपाची आरटीआर १८० घ्यावी. १७ पीएसच्या आसपास, एअर कूल्ड, पुढे मागे दोन्हीकडे डिस्क, आणि पार्ट तालुक्याच्या गावाला पण मिळतात. पल्सर १५० म्हणू नका, जुन्या १५० ला मागे ड्रम आहे आणि व्हीली (पुढचं चाक उचलून चालवणं) शिकणाऱ्याचा जीव मागच्या ब्रेकवर असतो. गाडी मागे पलटायला लागली की तोच ब्रेक हलका दाबून नाक खाली आणायचं. ड्रमला तो अंदाज येत नाही, एकतर लागत नाही नाहीतर एकदम धरतो.

ज्याला पटत नाही त्याने बोला, पण कारण देऊन.

पंक्या_केटीएम
पटत नाही, हे घे कारण. आपल्याकडे स्टंट म्हटलं की ड्यूक २०० हे काय उगाच झालेलं नाही भावा. २०१२ ला गाडी आली आणि दोन चार वर्षांत पुणे मुंबईच्या बऱ्याच ग्रुपनी जुन्या गाड्या विकून तीच घेतली. फ्रेम दणकट, हँडल सरळ, पिकअप खालूनच, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे केज (पडल्यावर इंजिन वाचवणारी लोखंडी चौकट), बारा वाजता बार (गाडी सरळ उभी झाली की जमिनीला टेकणारा मागचा बार), मागच्या ब्रेकसाठी क्लचखाली लावायचा हँडब्रेक, मागच्या चाकाचं मोठं चेन सॉकेट (चेनचं दातेरी चक्र) सगळं तयार मिळतं, नेलं आणि बोल्ट मारले. ॲपाचीला यातलं निम्मं वेल्डिंगवाल्याच्या मागे लागून बनवून घ्यावं लागतं आणि वेल्डिंगवाला चुकला की पहिल्याच पडण्यात केज उखडून हातात.

स्लोव्हेनियाचा रोक बागोरोश बघ, केटीएम कंपनीचाच स्टंट रायडर राहिलाय, छोट्या ड्यूकवर काय काय करतो. छोट्या गाडीला ताकद कमी म्हणून रडत बसत नाही तो.

आणि तुझं ते एअर कूल्डचं. स्टंट चालतो कुठल्या स्पीडला? पहिल्या गिअरला, माणूस चालेल तितक्या वेगात, गोल गोल. इंजिनवर वारा शून्य. तिथे रेडिएटरचा फॅन फिरतो आणि ड्यूक टिकते, तुझी ॲपाची दुपारी अर्ध्या तासात भाजून निघेल. आज ॲपाची घेणार, सहा महिन्यांनी विकणार, मग ड्यूकच घेणार. दोनदा खर्च कशाला?

गॅरेजवाले_आण्णा
दोघं बी भांडताय गाडीवरनं, पण लाखात ड्यूक मिळती ती कसली मिळती ते बगा की आधी. ज्यानं विकायला काढली त्यानं बी तेच केल्यालं असतंय तिच्यावर. माझ्याकडं आणत्यात पोरं, "आण्णा, फक्त कॉलेजला वापरल्याली हाय, बघा."

मी पहिलं काय बघतो सांगतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक वर करायचं, मेन स्टँड नसला तर दोघांनी धरून उचलायचं, आणि पुढच्या चाकाचा चिमटा खालनं धरून पुढं मागं हलवायचा. टकटक वाजलं की कोनसेट, म्हंजे हँडलचं बेअरिंग, गेला. चाक धाडकन खाली आपटून आपटून जातोय तो. मग शॉकअपच्या नळीवर बोट फिरवायचं, तेल लागलं तर ऑइल सील बी गेलं. मग मागं जायचं. नंबरप्लेटची खालची कड नि टेललाइटची काच घासल्याली असंल तर ती गाडी सरळ उभी करून जमिनीला टेकवल्याली हाय, कॉलेजला कोण नंबरप्लेट घासत जात न्हाई. शेवटी चौथ्या गिअरला चढ चढवायची, आवाज वाढला पण गाडी पुढं जाईना म्हंजे क्लचप्लेट खलास.

इंजिनाचं तर बाहेरनं दिसतच न्हाई. गाडी मागच्या चाकावर लई वेळ उभी राहिली की तेल चेंबरच्या मागं जातंय, पंप हवा ओढतोय, वरचं काम कोरडं. असली गाडी दोन महिन्यात बोअर-पिस्टनला येती. रेडिएटर म्हणलासा ते बरोबर हाय, पर तो पडल्यावर फुटतोय बी. केज बसवल्याशिवाय ड्यूक पाडायची न्हाई.

यामाहा_भक्त
आरएक्स १०० घ्या, विषय संपला. तिच्यासारखं चाक कुठलीच उचलत नाही.

पंक्या_केटीएम
@यामाहा_भक्त काका, ती १९९६ ला बंद झाली, दोन्ही चाकांना ड्रम, आणि चांगल्या आरएक्सचा भाव ऐकला तर मामा दवाखान्यात. पूजा करायची गाडी आहे ती, पाडायची नाही.

माधुरी_ठाणे
सगळं वाचलं. कोनसेट झाला, रेडिएटर झाला, मुलगा हे करणार कुठे यावर एक ओळ नाही. विनय, तुम्हीच लिहिलंय की गाडी कॉलेजलाही न्यायचीय. म्हणजे केज लावलेली, सॉकेट बदललेली, हँडब्रेक जोडलेली गाडी रस्त्यावर येणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल चालत नाहीत, आणि रस्त्यावर चाक उचललं तर कलम १८४, पहिल्याच वेळेला सहा महिने ते वर्षभर कैद किंवा हजार ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. स्टंट करताना गाडी मोडली तर इन्शुरन्सवाला क्लेम देईल असं कुणाला वाटत असेल तर त्याने पॉलिसी एकदा वाचावी. आमच्या सोसायटीत तर अकरावीतली मुलं हे करतात, त्यांच्या आईवडलांना माहीतही नाही की २०१९ पासून अल्पवयीन मुलाने वाहन कायद्याचा गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे.

नवी मुंबईच्या पाम बीच रोडला रात्री एकदा उभं राहून बघा, मग ड्यूक की ॲपाची ते ठरवा.

पंक्या_केटीएम
ताई, रस्त्यावर करणाऱ्यांना आम्ही पण शिव्याच घालतो, त्यांच्यामुळे आम्हाला कोणी जागा देत नाही. पण खेळ आणि रस्त्यावरची मस्ती एकाच तराजूत नका टाकू. कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी जागा, मालकाच्या परवानगीने बंद आवारात केलं तर त्यात काय वावगं आहे?

माधुरी_ठाणे
वावगं काहीच नाही, फक्त ते आवार दाखवा. कराडला १९ वर्षांच्या मुलाला काँक्रीट केलेलं, गेट लावलेलं, शेजारी तक्रार करणार नाहीत असं आवार कोण देणार आहे? एमआयडीसीतला रिकामा रस्ता हा सुट्टीच्या दिवशीही रस्ताच असतो. मुलं शेवटी तिथेच जातात. गाडी घ्यायच्या आधी जागा शोधा, जागा नसेल तर गाडीचा प्रश्नच येत नाही.

चिखलातला_नाशिककर
माधुरीताईंना अनुमोदन, आणि माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. यातली कुठलीच नको. स्टंटचा पाया बॅलन्स आहे, आणि बॅलन्स मातीत शिकतात. जर्मनीचा क्रिस फायफर, जो बीएमडब्ल्यूवर स्टंट करून अनेकदा जगज्जेता झाला (२०२२ ला गेला बिचारा), तो मुळात ट्रायल्सवाला, म्हणजे दगड धोंड्यांवरून पाय न टेकता गाडी नेणारा. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गची ती भयानक डोंगरावरची रेस पण मारलेली त्याने. त्याला क्लच आणि मागचा ब्रेक कुणी रील्सवर शिकवला नव्हता.

आमच्याकडे मातीतल्या रेसचं वेड जुनं आहे, पुण्यात बालेवाडीला २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीग पण झाली. मुलाला एक जुनी स्प्लेंडर द्या, वावरात न्यायची. वावर घरचं असलं की ताईंचा जागेचा प्रश्न पण निम्मा सुटतो. फूटरेस्टवर उभं राहून चालायच्या वेगाने आठचे आकडे काढायचे, ब्रेकवर पाय ठेवून. पडला तर ढेकळात पडेल, गाडीचा एखादा लेव्हर वाकेल. ज्याला स्प्लेंडरवर सावकाश वळता येत नाही त्याला ड्यूकवर गोल व्हीली काय येणार?

पंक्या_केटीएम
स्प्लेंडरवर आठचे आकडे काढून कंटाळून पोरगं स्टंट सोडून देईल, हाच प्लॅन आहे का 😄

चिखलातला_नाशिककर
सोडलं तर सोडलं, लाख रुपये वाचले.

विन्या_सातारा
आण्णा, यादी सेव्ह केली. पंक्या, रेडिएटरचा मुद्दा बरोबर आहे पण तो रोज दोन तास सराव करणाऱ्याचा मुद्दा आहे, नवीन पोरगं दहा मिनिटं करतं आणि अर्धा तास बसून पाणी पितं, तेवढ्यात कुठलंही इंजिन गार होतं.

एक गोष्ट कोणीच बोललं नाही, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. स्टॉपी (पुढच्या ब्रेकवर मागचं चाक उचलणं) मारणाऱ्यांना ते नको असतं, पुढचा ब्रेक ऐनवेळी हात सोडतो, म्हणून हे सगळे २०१९ च्या आधीच्या गाड्या शोधत फिरतात. पण कॉलेजला जाताना पावसात हायवेवर टँकरने ब्रेक मारला तर नवीन पोराला तेच एबीएस वाचवतं. मोठ्या सॉकेटचं पण तेच, स्टंटला मस्त आणि हायवेला इंजिन नुसतं बोंबलतं. माझी ॲपाची म्हणून ठीक होती की ती आहे तशी कॉलेजला चालते. माधुरीताईंनी बोट ठेवलं ते इथेच, एका गाडीत दोन्ही होत नाही. रोजची गाडी नटबोल्ट न बदललेली, जमलं तर एबीएसवाली, आणि सरावाची वेगळी, जी टेम्पोत घालून न्यायची.

पंक्या_केटीएम
मग लाखात दोन गाड्या बसव दाखव.

विन्या_सातारा
बसतात की. रोजच्याला ॲक्टिव्हा आहेच ना घरी.

कराडचा_ओम
नमस्कार, तो मामेभाऊ मीच 🙏 दादा, तू हे सगळं इथे लिहिशील असं वाटलं नव्हतं, पप्पा पण हे वाचतात.

मला कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. ड्यूक हवी होती हे खरंय, पण मला रस्त्यावर करायचंच नाहीये, मावशीच्या इथे उसाचा ट्रक लावायचं काँक्रीटचं आवार आहे, गाळप बंद झालं की रिकामंच असतं, काकांना विचारलंय, ते म्हणाले हेल्मेट घालून कर आणि गेट लाव. स्प्लेंडर नको प्लीज, मित्र हसतील. ॲक्टिव्हावर कॉलेजला जायला पण हसतात तसे. पैसे वाचवून चांगलं आयएसआय हेल्मेट आणि गुडघ्याचे गार्ड घेणारच आहे.

इस्लामपूरला एक आरटीआर १८० बघितलीय, २०१४ ची, ४२ हजार सांगतोय. आण्णा, काल चिमटा हलवून बघितला, टकटक नाही, पण डावीकडच्या नळीला ओलं लागलं. घेऊ का?

गॅरेजवाले_आण्णा
एकच नळी ओली म्हंजे सील बदलून भागंल, लई खर्च न्हाई. पर नळीला गंज चढलाय का, खड्डे पडलेत का ते नख फिरवून बघ, तसं असंल तर नवं सील बी टिकायचं न्हाई. नंबरप्लेटचा फोटो टाक. आणि ४२ बिलकुल द्यायचं न्हाईत, ३५ पासनं सुरू कर.